पद्मिनीची प्रकृती

घरातील वृद्धांच्या प्रकृतीविषयी आपण जितक्या आस्थेने बोलतो, तितक्याच आस्थेने काही कुटुंबे दारातील जुन्या फियाटविषयी बोलतात. आस्था चांगलीच, परंतु आस्था म्हणजे निदान नव्हे. जुन्या गाडीची कोणती कुरकुर हसून सोडावी आणि कोणत्या तक्रारीसाठी ती तत्काळ उभी करावी, हा विवेक केवळ मेकॅनिकवर सोपवून चालत नाही. तो घरच्या माणसांनाही हवा.

प्रथम तिचे कुळ पाहू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० चा हा भारतीय अवतार घडला. आधी ‘डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ अशी तिची नामांतरे झाली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे. शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. स्टिअरिंगखालच्या दांड्याने बदलायचे चार गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, ही तिची परिचित ठेवण. मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

आता तिच्या तक्रारी. वैशाखातल्या दुपारी गाडी घाटात अकस्मात बंद पडते आणि अर्ध्या तासाने जणू काही घडलेच नाही अशी सुरू होते. हिचा पेट्रोलपंप इंजिनलाच जोडलेला असल्याने उष्णतेने पेट्रोलची वाफ होते व पंपाला ते ओढता येत नाही. पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुना उपाय म्हणूनच लागू पडतो. गिअर अडकू लागला की गिअरबॉक्स उघडण्याची घाई करू नये. पुष्कळदा दांड्याच्या सांध्यांतील झिजलेले बुश बदलले की काम भागते. सकाळी सुरू होताना ती कुरकुरली, तर आधी पॉइंट, प्लग आणि चोक पाहावेत. हे सारे वयोमानाचे विकार. त्यांत खर्च थोडा आणि भयही थोडे.

रेडिएटरचे मात्र तसे नाही. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार साचतात, इंजिन तापते आणि शेवटी हेड गॅस्केट जाते. इंजिन ऑइल दुधाळ दिसू लागले, तर ते याचेच लक्षण समजावे. अलीकडे पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपातील पडदा त्याने खराब होऊन पेट्रोल गळू शकते. तापलेल्या इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल म्हणजे आगीला निमंत्रण. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवून घ्याव्यात.

तीन गोष्टी मात्र मुळीच खपवून घेऊ नयेत. पहिली, ब्रेक. जुन्या मॉडेलांत चारही चाकांचा ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर अवलंबून असे. एक नळी फुटली की सारेच निकामी. पेडल खोल जाऊ लागले, चाकाच्या आतल्या बाजूस ओल दिसली, की गाडी तेथेच थांबवावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. दर दोन वर्षांनी ते बदलावे. दुसरी, स्टिअरिंगचा वाढलेला ‘प्ले’. तिसरी, पायाखालचा गंज. वरचा रंग नवा कोरा असेल, पण चटई उचलून पत्रा अंगठ्याने दाबून पाहावा.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. दिल्ली परिसरातील निर्बंध निराळे आहेत. ही तपासणी दलालाकरवी ‘उरकून’ घेण्यात अनेकांना चातुर्य वाटते. पण त्याच गाडीत मागच्या आसनावर आपली नातवंडे बसणार असतात. वडिलांची आठवण म्हणून गाडी जपायची असेल, तर आधी तिचे ब्रेक जपावेत, पॉलिश नंतर.