पीक शेतकऱ्याचे, परवानगी कोणाची?

केरळ विधानसभेने २०२५ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले, तेव्हा त्याची चर्चा नेहमीप्रमाणे प्राणिप्रेमी विरुद्ध शेतकरी अशा चौकटीत झाली. ही चौकट सोयीची असली तरी दिशाभूल करणारी आहे. रानडुक्कर किंवा नीलगाय मारावी की नाही, याचे उत्तर आपल्या कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे: प्रसंगी मारावी. वाद आहे तो हा प्रसंग कोणी ओळखायचा याचा.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक लहानसा पण बोलका बदल दिसतो. ब्रिटिश काळातील १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्यात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाच्या रक्षणासाठी, तसेच मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी केलेली हत्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली होती. १९७२ च्या कायद्याने जीवरक्षणाचा अपवाद कायम ठेवला, मालमत्तेचा गाळला. त्याला कारणही होते. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत पीकसंरक्षणाच्या नावाखाली दिलेल्या बंदुकांनी शेताच्या बांधापेक्षा जंगलातच अधिक काम केले होते. गंमत अशी, की १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आजही आहे. म्हणजे एक कायदा शेतकऱ्याच्या हाती बंदूक देतो आणि दुसरा तिच्या चापावरचे बोट धरतो.

शेतकऱ्याला आता दोनच वाटा उरल्या. कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोकादायक ठरलेला, पहिल्या अनुसूचीबाहेरचा प्राणी मारण्याची लेखी परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी देऊ शकतो. कलम ६२ नुसार केंद्र सरकार विशिष्ट प्रदेशापुरता व मुदतीपुरता एखादा प्राणी उपद्रवी घोषित करू शकते. वन्यजीव हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या सूचीतून समवर्ती सूचीत गेला होता; २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची बदलल्या, पण उपद्रवी ठरवण्याचा अधिकार दिल्लीतच राहिला.

हे प्रत्यक्षात कसे चालते, हे मोकामाने दाखवले. पाटण्याच्या पूर्वेला गंगेच्या दक्षिणेस पसरलेला हा टाल पावसाळ्यात पाण्याखाली असतो आणि पाणी ओसरल्यावर तेथे मसूर, हरभरा, वाटाणा असे एकच रब्बीचे पीक निघते. वस्ती कडेच्या गावांत. मधल्या विस्तीर्ण रानात घर नाही, झाड विरळ. दरवर्षी पुरात बुडणाऱ्या जमिनीला कुंपण घालणे शहाणपणाचे नाही आणि रात्रभर राखण करणे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नाही. अशा ठिकाणी नीलगाईचा कळप उतरला, की खाण्यापेक्षा तुडवण्यानेच नुकसान अधिक होते. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो, मादीला बऱ्याचदा जुळी होतात आणि या प्राण्याला आवरणारा वाघ या मैदानातून केव्हाच नाहीसा झाला आहे. बिहारमध्ये शेतकरी त्याला घोडपरास म्हणतो. विदर्भात हाच प्राणी रोही. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो कुरंग, हरणांपेक्षा गाईबैलांच्याच कुळाला जवळचा. पण ‘गाय’ या शब्दाने त्याला जे संरक्षण दिले, ते कोणत्याही अनुसूचीने दिले नसेल.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुक्कर वर्षभरासाठी उपद्रवी घोषित केले. जून २०१६ मध्ये हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या. महिना लक्षात घ्यावा. तेव्हा टालात पीक नव्हते. रब्बीची कापणी होऊन दोन-अडीच महिने लोटले होते. मोकळ्या रानात नेम धरणे सोपे, हे खरे. पण ज्या पिकासाठी हत्या करायची, ते घरी गेल्यावर ती करणे, याला पीकसंरक्षण म्हणणे कठीण आहे.

त्यानंतर जे गाजले ते नीलगाईंपेक्षा मंत्रिमंडळातील मतभेद. मनेका गांधींनी पर्यावरण मंत्रालयावर जाहीर टीका केली. राज्यांनी मागणी केल्यावरच परवानगी दिली जाते, असे प्रकाश जावडेकरांचे म्हणणे होते. दोघांचे बोलणे आपापल्या जागी समजण्यासारखे होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने अधिसूचनांना स्थगिती दिली नाही. टालातला शेतकरी या वादात पक्षकार नव्हता.

परवानगी मिळाली म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. हिमाचलात माकडे उपद्रवी घोषित झाली, पण धर्मभावनेमुळे बंदूक उचलणारे हात फारसे मिळाले नाहीत. केरळने २०२२ मध्ये रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवले. परवानाधारक नेमबाज मिळवणे मात्र अनेक पंचायतींना जड गेले. कायदेशीर वाट अशी अरुंद असली, की माणूस चोरवाट धरतो. रानडुकरांसाठी शेताभोवती चोरून सोडलेल्या विजेच्या तारांनी हत्ती मेले आहेत, माणसेही मेली आहेत. बंदुकीच्या परवान्याला विरोध करताना या मृत्यूंचा हिशेब सहसा मांडला जात नाही.

माझ्या मते निर्णय पंचायतीच्या जवळ यावा, पण मोकळ्या हाताने नव्हे. आदेश पीक उभे असतानाच्या महिन्यांपुरता असावा, मारलेल्या प्रत्येक प्राण्याची नोंद ग्रामसभेपुढे यावी आणि वन विभागाने दर हंगामाआधी कळपांची मोजणी करावी. मोजणीशिवाय दिलेली परवानगी आणि मोजणीशिवाय नाकारलेली परवानगी, दोन्ही सारख्याच आंधळ्या. केरळच्या विधेयकात राज्याला उपद्रवी प्राणी घोषित करण्याचा अधिकार आहे. पण केंद्रीय कायद्याशी विसंगत असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय तो उपयोगाचा नाही. शिवाय दिल्लीऐवजी तिरुवनंतपुरमला अर्ज करणे, एवढाच फरक शेतकऱ्याच्या वाट्याला येणार असेल तर त्याचा लाभ मर्यादितच राहील.

नुकसानभरपाईचा भाग वेगळा. वन्य प्राण्यांमुळे होणारे नुकसान पीकविम्यात अतिरिक्त संरक्षण म्हणून समाविष्ट करण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. तो खरीप २०२६ पासून लागू व्हायचा आहे. नुकसान बहात्तर तासांत अ‍ॅपवर स्थान-नोंदीसह छायाचित्र देऊन कळवावे, अशी अट आहे. बिहारमध्ये मोठे क्षेत्र बटाईने कसले जाते आणि बटाई बहुधा तोंडी असते. रात्री टालात राखण करणारा तो बटाईदार. जमिनीचा कागद मात्र पाटण्यात किंवा त्याहून दूर राहणाऱ्या मालकाच्या नावावर. दावा दाखल करताना अ‍ॅप यांपैकी कोणाला शेतकरी मानणार, हे राज्यांनी आपल्या अधिसूचना काढतानाच स्पष्ट केले पाहिजे.