गिरणेत काही सोडू नका

मृगाच्या सरी पडून ओढे वाहते झाले की कळवण तालुक्यातली पोरे अजूनही चढणीचे मासे धरायला जातात. डोंगरातून येणाऱ्या पाण्याविरुद्ध उड्या मारत निघालेला मासा टोपलीत, जुन्या मच्छरदाणीत, नाहीतर नुसत्या हाताने धरायचा. बहुतेक मासे कालवणात जातात. दोन-चार लहानगे मात्र तेलाच्या रिकाम्या डब्यातून जिवंत घरी येतात. सकाळपर्यंत ते मेलेले असतात. पोर रडते, आणि पुढच्या पावसात पुन्हा डबा घेऊन निघते. जिवंत प्राणी जवळून पाहण्याची ही ओढ फार जुनी आणि फार चांगली आहे. ती मोडून काढावी असे कोणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही.

आता मात्र तो डबा काचेचा झाला आहे. नाशिकला किंवा मालेगावला कामाला गेलेला बाप येताना फिश टँक आणतो. आधी दोन गोल्डफिश, मग एक फायटर, मग टाकीची काच साफ ठेवतो म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेला सकर मासा. वाढदिवसाला नाण्याएवढे हिरवे कासव येते, कारण घरात कासव असले की बरकत येते असे कोणीतरी सांगितलेले असते. मोठ्या शहरांत ही रांग इग्वाना आणि बॉल पायथन अजगरापर्यंत गेली आहे, आणि मोबाइलमुळे ती शहरे कळवणपासून लांब राहिलेली नाहीत. एकदा संग्रह वाढू लागला की प्राण्याकडे पाहणे कमी होते आणि प्राणी मोजणे सुरू होते. खरी काळजी तिथूनच करायला हवी.

टाकीतले मासे मरतात ते बहुधा उपाशी राहून मरत नाहीत. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि खड्यांवर वाढावे लागतात, आणि त्याला चार ते सहा आठवडे जातात. कळवणचा शेतकरी वाफा तयार केल्याशिवाय कांद्याचे रोप लावत नाही. तोच शेतकरी काल भरलेल्या टाकीत आज दहा मासे सोडतो, तेही नळाच्या क्लोरीन घातलेल्या पाण्यात. त्यात रात्री वीज गेली की एअर पंप बंद पडतो. गर्दी जेवढी जास्त, तेवढा प्राणवायू लवकर संपतो. लहान टाकीत एखादा मासा तग धरतो, हे खरेच. पण सहा मासे कोंबणे म्हणजे त्या एकाचाही जीव घेणे.

बेडकाचे हाल आणखी वाईट. तो फुप्फुसांबरोबर कातडीनेही श्वास घेतो, त्यामुळे पाण्यातले क्लोरीन आणि हाताला लागलेले औषध थेट त्याच्या अंगात जाते. पाऊस लांबला की धोंडी काढून घरोघर पाणी मागायची आपली रीत, आणि त्या धोंडीबरोबर बेडूक असतोच. ज्याला पावसाचा दूत मानले, त्याला बरणीत ठेवून एप्रिलच्या उन्हात सुकवणे कोणत्याच श्रद्धेत बसत नाही. बेडकांवर आधीच मोठे संकट आहे. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभरात पाचशेहून अधिक उभयचर जातींची संख्या घटवली आणि त्यांतल्या सुमारे नव्वद जाती संपवल्या, असे 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडले. ही बुरशी देशोदेशी पसरण्यामागे जिवंत बेडकांचा व्यापार हे एक मोठे कारण आहे.

आता त्या हिरव्या कासवाकडे येऊ. त्याच्या डोळ्यामागे तांबडा पट्टा असतो, म्हणून इंग्रजीत त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. मूळचे ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. विकताना जेमतेम तीन सेंटिमीटरचे असते. वाढलेली मादी पंचवीस-तीस सेंटिमीटरची, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी होते आणि वीस-तीस वर्षे जगते. त्याला ऊन लागते, अतिनील प्रकाश देणारा दिवा लागतो, कॅल्शियम लागते. ते मिळाले नाही तर कवच मऊ पडते. लहान मुलांना साल्मोनेलाची लागण होऊ लागली म्हणून खुद्द अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. युरोपीय संघाने 1997 मध्ये त्याची आयात थांबवली. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. यातले एक अक्षरही पिशवीत पाणी भरून ते हातात देणारा दुकानदार सांगत नाही.

मग तीन-चार वर्षांनी ते घराला जड होते. पाण्याला वास येतो, टाकी पुरत नाही, मुलगा शिकायला नाशिकला गेलेला असतो. कासव मारवत नाही, म्हणून एखाद्या संध्याकाळी घरातले कोणीतरी ते नदीवर नेते आणि हात जोडून सोडते. सोडणाऱ्याला ते पुण्य वाटते. नदीसाठी तोच सर्वांत वाईट दिवस असतो.

केरळात त्रिशूरजवळच्या काळत्तोड इथे 2018 मध्ये हे कासव उघड्यावर सापडले आणि तिथली वन संशोधन संस्था कामाला लागली. आपल्याकडे उजनी धरणावर जाऊन कोणत्याही मच्छीमाराला विचारावे. टाकीतला तो गरीब दिसणारा सकर मासा तिथे भीमेच्या पाण्यात पोहोचला आहे. लोक त्याला हेलिकॉप्टर मासा म्हणतात. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, अंगावर हाडासारखे कवच, काटेरी पर. जाळ्यात आला की जाळे फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. आफ्रिकेतून आलेल्या चिलापीने देशी माशांची जागा आधीच घेतली होती, त्यावर हा आणखी एक. फेकून दिलेल्या एकेका हौशीचा भुर्दंड तिथे रोज होडी घेऊन निघणारी कुटुंबे भरतात.

गिरणा नदी कळवण तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातूनच खाली येते. चणकापूर धरण तिच्यावर आहे, पुनदचे पाणी तिलाच मिळते. पुढे मालेगाव, गिरणा धरण, जळगाव जिल्हा, आणि शेवटी तापी. उगमाजवळ सोडलेला जीव सगळ्या खोऱ्यात पसरू शकतो. खालच्या गावाला वरच्याने काय केले ते कळतसुद्धा नाही. म्हणून हा प्रश्न उजनीपेक्षाही आधी कळवणकरांनी मनावर घ्यायला हवा.

परदेशी प्राण्यांची ही गोष्ट. देशी प्राण्यांबाबत कायदा अगदी स्पष्ट आहे. चांदणी कासव, ज्याला अनेक जण स्टार कासव म्हणून ओळखतात, ते आणि घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते पकडण्याच्या किंवा पाळण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. मांडूळ सापाच्या नावाने पैशांचा पाऊस पाडण्याच्या गप्पा मारणारे लोक सरळ तुरुंगाच्या वाटेवर असतात. याच कायद्याची 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. त्यानुसार आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेले परदेशी जिवंत प्राणी, जसे इग्वाना किंवा बॉल पायथन, पाळणाऱ्याला परिवेश संकेतस्थळावर नोंदवावे लागतात. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये आले. नियम चांगले आहेत, पण ते तालुक्याच्या गावापर्यंत कोणी पोहोचवायचे, हा प्रश्न तसाच पडून आहे.

छंद वाईट नसतो, याला महाराष्ट्रातच उत्तम दाखला आहे. नीलिमकुमार खैरे यांनी 1980 मध्ये बहात्तर विषारी सापांच्या सहवासात बहात्तर तास काढले आणि त्यांचे नाव जगभर गेले. त्या सापवेडाचे मोल विक्रमाहून पुष्कळ मोठे ठरले: 1986 मध्ये पुण्यात कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले, आणि पिढ्यान्‌पिढ्या साप ठेचणाऱ्या समाजातली शाळकरी मुले साप पाहायला रांगेने येऊ लागली. आजही काही सर्पमित्र पकडलेले साप बरण्यांत भरून दिवसेंदिवस घरी ठेवतात. त्यांनी खैऱ्यांचा विक्रम नव्हे, सर्पोद्यान डोळ्यांपुढे ठेवावे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडात 2020 मध्ये नव्याने नोंदलेला इवलासा मासा सापडला, तेव्हा त्याला टाकीत नेण्याऐवजी तो जिथे आहे ती जागाच 2021 मध्ये जैविक वारसा स्थळ झाली. चणकापूरच्या काठी, सप्तशृंगीच्या पायथ्याच्या ओढ्यांत, घराच्या भिंतीवरच्या पालीतसुद्धा वहीभर नोंदी करण्यासारखे जग आहे. अशा वहीतला संग्रह कितीही वाढला तरी कोणाचा जीव जात नाही.

ज्यांना पाळायचेच आहे त्यांनी पैदास केंद्रातून आलेले थोडे मासे मोठ्या टाकीत, नीट माहिती घेऊन पाळावेत. दुकानदाराला प्रत्येक प्राण्याची पूर्ण वाढ आणि आयुष्य पिशवीवर छापायला लावावे. आणि कळवणच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाने पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने एक साधी सोय करावी: नकोसे झालेले कासव किंवा मासा आणून देण्यासाठी एक टाकी, एक नोंदवही, आणि आणणाऱ्याला एकही उलटा प्रश्न नाही. घाबरलेला माणूस कार्यालयाऐवजी नदीकडे जातो, हे अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

तोवर कोणाच्या घरी असा प्राणी जड झाला असेल, तर त्यांनी तो गिरणेवर, विहिरीवर किंवा शेततळ्यावर नेऊ नये. वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे.