स्विच बंद होता हो, पप्पा!

एप्रिलमधला रविवार. सकाळचे साडेदहा. मी गॅलरीत फरशीवर बसलेय, उजव्या हाताला खांद्यापर्यंत झिणझिण्या, आई पाण्याचा ग्लास घेऊन उभी आणि माझ्या तोंडी एकच वाक्य रिपीट मोडवर : "स्विच बंद होता हो, पप्पा! मी स्वतः बंद केला होता!"

समोर आमचा कूलर. पत्र्याचा, माझ्या दहावीच्या सुट्टीत घेतलेला, आठ-नऊ महिने गॅलरीच्या कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून झोपणारा.

झालं असं, की फ्रीलान्सर असल्यामुळे माझं ऑफिस म्हणजे सातपूरच्या आमच्या घरातली गॅलरीला लागून असलेली खोली. दुपारी दोन वाजता लॅपटॉप आणि डोकं एकदमच तापतात. कूलरवाल्याला फोन केला, तर "मॅडम, गुरुवारनंतर बघू!" त्याचंही बरोबर आहे म्हणा. पारा चाळिशीला टेकला की अख्ख्या गावाला आपापले कूलर एकाच दिवशी आठवतात. मग म्हटलं, मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ आहेत, आपण काय कमी आहोत? डू इट युवरसेल्फ! गवत बदललं, टाकी घासली, पाणी भरलं, प्लग लावला, बटन दाबलं. पंखा सॉलिड फिरला, पण पंप ढिम्म. स्विच बंद केला, पंप बघायला टाकीत हात घातला आणि...

हात झटक्यात मागे आला, हे नशीब. पायात रबरी स्लिपर होती, हे दुसरं नशीब. पण दोन-दोन नशिबांवर एक रविवार काढायचा म्हणजे जरा जास्तच झालं.

पप्पांचा तपास

पप्पा सातपूरच्याच एका कंपनीत पस्तीस वर्षं मेंटेनन्सला फिटर होते. आमच्या गल्लीत हे काही विशेष नाही. इथे दर दुसऱ्या घरात कुणीतरी आयटीआय झालेलं, कुणीतरी शिफ्टला जाणारं. मायको २००८ मध्ये बॉश झाली, तरी आमच्याकडे बरीच मंडळी अजून 'मायको'च म्हणतात. तर पप्पा मला एक शब्दही बोलले नाहीत. आधी घराचा मेन स्विच पाडला, कूलरचा प्लग उपटला आणि मग पंपाची वायर बोटांनी चाचपत गेले. टाकीच्या कडेपाशी उंदरांनी ती मस्तपैकी कुरतडली होती. तांबं उघडं, पत्र्याला चिकटलेलं.

"पण स्विच बंद होता ना!" माझं पालुपद चालूच.

त्यावर त्यांनी गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. स्वतः बोर्ड उघडला नाही. "मी फिटर, तो वायरमन," एवढंच म्हणाले. वायरमनने बोर्ड उघडून टेस्टर लावला आणि दोन गोष्टी दाखवल्या. ऐकून मला दुसरा शॉक बसला.

पहिली : स्विच फेजऐवजी न्यूट्रलच्या वायरवर बसवलेला. म्हणजे बटन बंद केलं की पंखा-पंप थांबणार, आपल्याला वाटणार करंट गेला. पण फेजची वायर जिवंतच! २३० व्होल्ट कूलरपर्यंत येऊन आरामात बसलेले. जुन्या घरांत हा प्रकार आढळतो आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही, कारण सगळं 'नीट चालू' असतं.

दुसरी : सॉकेटला वरचं मोठं भोक होतं, अर्थिंगचं. पण त्याच्या मागे वायरच नव्हती. नुसतं भोक! थ्री-पिन प्लगची ती जाड, लांब पिन शोभेची नसते मंडळी. ती लांब अशासाठी, की प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. पत्र्याच्या बॉडीत करंट उतरला, तर तो तुमच्या अंगातून न जाता त्या वाटेने जमिनीत जावा, यासाठीच ती असते. वाट बंद असेल तर उरता तुम्ही.

कुलूप माझं, किल्ली माझी

संध्याकाळी चहाच्या वेळी पप्पा बोलले. कंपनीत मशीनवर काम करायचं असेल तर नुसता स्विच बंद करून चालत नसे. मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं, वर पाटी लटकवायची, 'काम चालू आहे, स्विच ऑन करू नये', आणि किल्ली आपल्या खिशात. चार माणसं मशीनमध्ये असतील तर चार कुलुपं. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढेपर्यंत साहेब असो की सुपरवायझर, मशीन सुरू होणार नाही. अजूनही कारखान्यांत हीच पद्धत आहे. इंग्रजीत तिला 'लॉकआउट-टॅगआउट' म्हणतात.

"मग घरी काय करायचं? कूलरला कुलूप लावू?" मी.

"घरी प्लग असतो ना. तो काढायचा आणि आपल्याला दिसेल असा समोर ठेवायचा. तीच आपली किल्ली."

हाच तो फंडा. त्या दिवसापासून मी घरातल्या कामांची सरळ दोन गटांत वाटणी केलीय. जिथे प्लग निघतो आणि बॉडी उघडावी लागत नाही, ते काम माझं. जिथे प्लगच नाही किंवा स्क्रू खोलून आत शिरावं लागतं, ते काम त्यातल्या माणसाचं. ही वाटणी तुम्हीही करून बघा.

माझ्या गटातली कामं

कूलर : प्लग काढल्यावर सगळ्यात आधी वायर बघा, मग गवत. कुरतडलेली, तडकलेली, मध्येच टेपने जोडलेली वायर पाण्याजवळ नकोच. तो पंप बदलून टाका. पंपाची जाळी ब्रशने साफ करा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर व्हिनेगरने किंवा लिंबाने निघतो. (आमचा पंप या थरानेच जाम झाला होता.) टाकीत पाणी भरतानाही प्लग बाहेर. टाकी रिकामी असताना पंप चालू ठेवला तर तो जळतो. आणि आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासून काढा. डेंग्यूच्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटून बसतात, नुसतं पाणी ओतून दिल्याने जात नाहीत, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खात्याचा 'कोरडा दिवस' म्हणतात तो हाच.

हो, आणि कूलर लावून खिडक्या बंद करू नका! कूलरचा गारवा पाण्याची वाफ होण्यातून येतो, त्यासाठी हवा कोरडी हवी आणि दमट हवेला बाहेर जायला वाट हवी. आपली एप्रिलमधली हवा कोरडी, म्हणून नाशिकला कूलर झकास चालतो. मुंबईची मैत्रीण तोच कूलर लावते आणि घामाघूम होते.

फ्रीज : दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज सरकली तर रबर सैल आहे. आधी ते कोमट साबणाच्या पाण्याने पुसा, तरी सैल वाटलं तर बदला. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. पाठीवर काळी जाळी दिसत असेल, तर प्लग काढून तिच्यावरची धूळ झाडा. प्लग काढल्यावर लगेच लावू नका, पाच मिनिटं थांबा, कॉम्प्रेसरला दम घेऊ द्या. आणि फ्रीजरमधला बर्फ सुरीने? अजिबात नाही. आतली नळी फुटली की गॅस गेलाच समजा.

एसी : एमसीबी बंद करून फिल्टरच्या जाळ्या काढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा आणि परत बसवा. सीझनमध्ये दर दोन आठवड्यांनी. बस्स, तुमचं काम इथे संपलं. स्टार लेबलच्या रूम एसींचं डिफॉल्ट तापमान १ जानेवारी २०२० पासून २४ अंश ठरवून दिलंय. बीईईच्या हिशेबाने तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. तेव्हा १८ वर ठेवून वर दुलई घेणाऱ्यांनी विचार करा!

आणि त्यांच्या गटातली

पंखा फुल्लवर ठेवूनही रेंगाळतोय? बहुतेक वेळा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. स्वस्तातली वस्तू, पाच-दहा मिनिटांचं काम, पण पंख्याला प्लग नसतो. म्हणून वायरमन. एसीचा गॅस भरणं, बाहेरचं युनिट उघडणंही नाहीच. बऱ्याच नव्या एसींमध्ये आर-३२ गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो. आणि युनिटमधला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही वेळ करंट धरून ठेवतो. स्विचबोर्ड, अर्थिंग, मेन बोर्ड ही कामं तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनचीच.

आमच्याकडे वायरमनने स्विच फेजवर घेतला आणि अर्थिंगची वायर ओढली. मेन बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला. जुनी मंडळी त्याला ईएलसीबी म्हणतात. घरात एमसीबी आहेत म्हणून आपण निर्धास्त असतो, पण एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो. करंट माणसातून जमिनीकडे निघाला की क्षणार्धात लाइन तोडणारा तो आरसीसीबी. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं.

एवढं करूनही कुणाला शॉक लागून चिकटलेलं दिसलं, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर ढकला आणि १०८ ला फोन करा.

आता आमच्या घरी कूलर साफ करायचा कार्यक्रम असा असतो : मी टाकीत, प्लग माझ्या मांडीवर आणि स्विचबोर्डावर पप्पांच्या अक्षरातला पुठ्ठा, 'काम चालू आहे, स्विच ऑन करू नये'. पहिल्यांदा तो पाहून आई म्हणाली, "घरात तिघंच तर आहोत, पाटी कुणासाठी?" पप्पा म्हणाले, "तिघांसाठीच."

येत्या रविवारी कूलरला हात लावण्याआधी तुमच्या मेन बोर्डातलं ते 'टी' बटन दाबून बघा. लाइट गेली तर छान, परत चालू करा, प्लग काढा आणि लागा कामाला. लाइट गेली नाही किंवा तसं बटनच सापडलं नाही, तर त्या रविवारी गवत आणि ब्रश राहू द्या. आधी इलेक्ट्रिशियनला फोन करा. तो गुरुवारनंतर येतो म्हणाला, तरी थांबा!