नाव मोठे की मैफल मोठी?



पाश्चात्त्य रॉक संगीताच्या जुन्या वाद्यवृंदांत श्रेष्ठ कोणता, हा वाद तरुण मंडळींत अजूनही रंगतो. एक जण खपलेल्या तबकड्यांचा हिशेब मांडतो, तर दुसरा मैदानावरील गर्दीचा. आमच्या मते येथे दोन निराळ्या गुणांची गल्लत होते.

बीटल्सचेच उदाहरण घ्या. लिव्हरपूलच्या ह्या चौघांइतका लौकिक त्या काळी क्वचितच कोणाच्या वाट्यास आला असेल. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्यांना ऐकण्यास सुमारे ५५,६०० लोक जमले. ‘ऐकण्यास’ असे आम्ही म्हणतो खरे. परंतु किंकाळ्यांचा कल्लोळ एवढा की, मैदानावरील ध्वनिक्षेपक त्यापुढे फिके पडले आणि वाजविणाऱ्यांनाही स्वतःचे सूर ऐकू येईनात. अर्ध्या तासात सारे आटोपले. पुढल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांची ‘रिव्हॉल्व्हर’ ही तबकडी निघाली. पण त्याच महिन्यातील अमेरिकेच्या दौऱ्यात तिच्यातील एकही गाणे त्यांनी गायिले नाही. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचा तिकीट लावलेला अखेरचा कार्यक्रम झाला, तेव्हा पुष्कळ जागा रिकाम्या होत्या. त्यानंतर ते ध्वनिमुद्रणातच रमले. लोकप्रियतेनेच त्यांची मैफल गिळली, असे म्हणावे लागते.

ह्याच्या उलट कॅलिफोर्नियाचा ग्रेटफुल डेड. १९६५ ते १९९५ ह्या तीस वर्षांत त्यांनी २,३०० हून अधिक कार्यक्रम केले. परंतु अमेरिकेतील पहिल्या दहा गाण्यांत त्यांचे एकच गाणे पोहोचले, तेही १९८७ साली. तरी श्रोते गावोगाव त्यांच्या मागे फिरत. कारण आजची मैफल कालच्यासारखी नसे. श्रोत्यांनी ध्वनिमुद्रण केले तरी त्यांची हरकत नसे. १९८४ पासून तर त्यासाठी वेगळी जागाच राखलेली असे.

क्वीनच्या ठायी दोन्ही गुण एकत्र आले. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा पारशी घरातला. त्याचे शालेय शिक्षण महाराष्ट्रातील पाचगणीस झाले आणि तेथील मुलांच्या वाद्यवृंदात तो पियानो वाजवी. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियाच्या दुष्काळपीडितांसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम झाला. क्वीनच्या वाट्यास जेमतेम वीस मिनिटे आली. त्यांनी मोजकी सहा गाणी निवडून आधी कसून तालीम केली, आणि त्या दिवशी सुमारे ७२,००० लोकांना एका तालावर टाळ्या वाजवावयास लाविले. शे स्टेडियमवर गर्दीने गाणे बुडविले होते. वेम्बलीत गर्दीच गाण्यात सामील झाली.

म्हणून, तरुण मित्रांनो, नावाचा डंका वेगळा आणि समोरच्या माणसाशी सूर जुळणे वेगळे, हे ध्यानी ठेवून वाद खुशाल घाला. पालकांनीही हे सारे गोंगाट म्हणून झिडकारू नये. मुलगा आवडते गाणे लावील तेव्हा घटकाभर त्याच्याशेजारी बसावे आणि विचारावे, “बाळ, ह्यात तुला काय ऐकू येते?”