हवेसाठी आणि हौसेसाठी

(द्वितीय वर्ष, कला)

या लेखाचा विषय वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल. वार्षिकात लिहायचे तर हुंड्यावर लिहावे, ग्रामीण शिक्षणावर लिहावे, गेला बाजार सहलीचे वर्णन करावे; रेडिओवर चालणाऱ्या लढाऊ विमानांच्या प्रतिकृती हा काय कला शाखेच्या विद्यार्थ्याचा विषय झाला? आमच्या वर्गातील एका मित्राने तर "खेळण्यांवर निबंध लिहितोस होय रे?" असे विचारून मला आधीच निकालात काढले आहे. तेव्हा प्रथमच सांगून टाकतो, की माझ्याजवळ असे विमान नाही आणि नजीकच्या काळात असण्याची शक्यताही नाही. पण गेल्या दीड वर्षात एक विमान तयार होताना मी जवळून पाहिले आणि त्यावरून माझे एक मत बनले आहे. ते इतिहासाच्या आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ऐकून घ्यावे, पटले नाही तर भांडावे, एवढीच इच्छा.

माझे मामा नाशिकला एका लहानशा वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. तेथे एक निवृत्त गृहस्थ आपल्या विमानाचे बारीकसारीक भाग करून घेण्यासाठी येतात. आम्ही त्यांना 'विमानवाले काका' म्हणतो. सुट्टीत मी मामांच्या हाताखाली असतो, म्हणून पंख धरणे, पॉलिशपेपर मारणे, गोंद सुकेपर्यंत चिमटे लावून बसणे ही कामे माझ्याकडे आली. विमान होते दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश स्पिटफायर, मूळच्या एकपंचमांश मापाचे.

विमान म्हणजे हातभर खेळणे अशी ज्यांची समजूत असेल त्यांच्यासाठी थोडी मापे देतो. खऱ्या स्पिटफायरचा पंखविस्तार ३६ फूट १० इंच. म्हणजे आमच्या विमानाचा विस्तार सात फूट चार इंच भरला. आमच्या घराच्या दारातून ते आडवे आत येणार नाही. अमेरिकेत ८० इंच किंवा त्याहून अधिक विस्ताराच्या एकपंखी प्रतिकृतीला 'जायंट स्केल' म्हणतात, त्यात हे बसते. याहून कितीतरी मोठीही असतात. ब्रिटनमध्ये २५ किलोंहून जड प्रतिकृती उडवायची तर खास परवानगी लागते आणि ती बांधली जात असतानाच तपासनीस येऊन पाहून जातात. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोंपर्यंतच्या आणि नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या अशा विमानांचा वेगळा उल्लेख आहे. विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. आमचा तालुका निफाड. ओझरचा विमानतळ आणि विमानांचा कारखाना उशाशीच. त्यामुळे खऱ्या विमानांचा आवाज ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो, आणि खोटे विमान मात्र लांबच्या माळावर न्यावे लागते!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझी कल्पना अशी होती, की प्रत्येक माप पाचाने भागले की विमान तयार. काकांनी मला वहीत गणित मांडायला लावले. लांबी पाचपट कमी होते, पण पंखाचे क्षेत्रफळ पंचवीसपट कमी होते आणि वजन एकशेपंचवीसपट. खरे विमान युद्धसज्ज असताना सुमारे २७०० किलोंचे होते. त्याला १२५ ने भागले की साडेएकवीस किलो येतात. एवढ्या वजनाचे विमान उडेल, पण आपल्या आकाराच्या मानाने भलत्याच वेगाने उतरेल आणि बहुधा एकदाच उतरेल. म्हणून ते निम्म्या वजनात बसवावे लागते. बाल्सा लाकूड, पातळ प्लायवूड, वरून काचतंतूचे झिरझिरीत कापड असा सारा प्रपंच त्यासाठी. शिवाय आपण विमान लहान करतो, पण हवा लहान होत नाही. मोठ्या पंखाभोवती ती ज्या शिस्तीने वाहते त्या शिस्तीने लहान पंखाभोवती वाहत नाही. मोठ्या प्रतिकृती लहान प्रतिकृतींपेक्षा 'खऱ्यासारख्या' उडतात त्याचे हेही एक कारण.

म्हणजे तंतोतंत नक्कल केली तर विमान उडत नाही. उडवायचे तर बदल करावे लागतात. स्पिटफायर तर या बाबतीत मोठे मानी विमान. त्याचे नाक आखूड. मूळ विमानात त्या नाकात मर्लिनचे सहाशे किलोंहून जड धूड होते, म्हणून तोल साधत असे. प्रतिकृतीतील ५५ सीसीचे पेट्रोल इंजिन दोन किलोंच्या आतले, मग नाकात शिसे ठासावे लागते. पंख जितका जड झाला म्हणून हळहळावे तितकेच शिसे पुढे हौसेने भरायचे, हा विनोद मला फार आवडला. चाके एकमेकांच्या अगदी जवळ, शिवाय गवतावर उतरताना विमान नाकावर पडते. त्यासाठी चाकांच्या दांड्या थोड्या पुढे कलत्या कराव्या लागल्या. तो कल देण्याचा पितळी तुकडा मामांनी तीन वेळा कातला.

सर्वांत नाजूक गोष्ट पंखाच्या पिळाची. खऱ्या स्पिटफायरचा पंख मुळाशी अधिक दोन अंश आणि टोकाशी उणे अर्धा अंश असा किंचित पिळलेला होता. वेग फार कमी झाला तर पंखाचे मूळ आधी दगा देते, विमान थरथरते आणि वैमानिकाला सावध व्हायला क्षणभर मिळतो. जमिनीवर उभे राहून उडवणाऱ्याला ती थरथर हाताला लागत नाही. त्याला फक्त दिसते, तेही दोनशे फुटांवरून. म्हणून काकांनी पिळ आणखी थोडा वाढवला. पंख्याचेही तसेच. मांडणीसाठी तीन पात्यांचा, मूळ विमानासारखा. उडताना मात्र दोन पात्यांचा, कारण इंजिनाला तोच मानवतो. इंजिनांचे घराणेही काही उमराव नव्हे. लाकूड तोडायच्या करवतीची आणि गवत कापायच्या यंत्रांची इंजिने उचलून लोकांनी विमानांना बसवली, त्यातून ही जात पुढे आली.

हा श्रीमंतांचा खेळ आहे असे एक सर मला म्हणाले. ते खरेच आहे. इंजिन आणि रेडिओ मिळून जी रक्कम होते तीत आमच्या घरचा कित्येक महिन्यांचा किराणा भरला असता. आता तर पैसे टाकले की तयार फोमची विमानेही खोक्यातून बाहेर येतात. पण जो स्वतः बांधतो आणि स्वतः बदलतो त्याचे हात काळे होतात, आणि हात काळे झाले म्हणजे अभ्यासात कच्चा असे मानण्याची आपल्या कला शाखेची रीत मला मान्य नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. वर्कशॉपमध्ये जे विचारांचे काम मी पाहिले ते इथल्या व्याख्यानांपेक्षा हलके होते असे मला म्हणवत नाही. हा आक्षेप इथेच सोडतो, कारण दुसरा आक्षेप अधिक जड आहे.

तो माझ्या वडिलांनी काढला. ते द्राक्षबागेत छाटणीचे काम करतात. एकदा मामांकडे आले असता त्यांनी तो पंख दोन्ही हातांवर तोलून पाहिला, वाखाणला, पंखाच्या पुढच्या कडेवरील लाल चौकोन दाखवून "हे काय?" म्हणाले. मी म्हटले, "तिथे बंदुका असतात, अण्णा." आठ बंदुका होत्या, तोंडांवर लाल कापडी पट्टी चिकटवत, पहिल्या फैरीत ती फाटे. अण्णा म्हणाले, "म्हणजे हे माणसं मारायचं यंत्र." आणि पंख हळूच खाली ठेवला.

या वाक्याला हौशी मंडळींजवळ उत्तर नाही असे मला वाटते. ते रिवेट मोजतात. सुईने गोंदाचे ठिपके देऊन हजारो रिवेट उभे करतात, धुराड्यामागची काजळी रंगवतात, रंग उडून आतले ॲल्युमिनियम दिसते तेही दाखवतात. आणि बहुतेक कोणाचे विमान निवडतात? नामवंत लढवय्याचे, कारण त्याच्या बैठकीखाली पाडलेल्या विमानांच्या खुणा ओळीने काढता येतात. पहिल्याच उड्डाणात गेलेल्या पोराचे विमान क्वचितच कोणी बांधतो. त्यावर रंगवायला काही नसते ना!

जेफ्री वेलम नावाचा वैमानिक १९४० च्या उन्हाळ्यात वयाच्या अठराव्या वर्षी स्पिटफायरच्या तुकडीत दाखल झाला. लढाई ऐन भरात असताना तो एकोणीस वर्षांचा झाला, म्हणजे आज माझे आहे त्या वयाचा. पुढे १९४२ मध्ये माल्टाच्या मोहिमेनंतर मनाने आणि शरीराने थकून तो लढाईतून मागे आला. त्याने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या त्या २००२ मध्ये. २०१८ साली तो वारला. हे वाचल्यापासून मला त्या काचेच्या घुमटातील प्लास्टिकचा वैमानिक नीट पाहवत नाही. त्याला मिशा काढल्या आहेत, चेहरा चाळिशीचा आहे. बैठक अचूक, घड्याळांच्या तबकड्या अचूक, आणि माणूस मात्र चुकीचा.

इथे माझे मत सांगतो. बदल दोन प्रकारचे असतात. एक हवेसाठी केलेला, एक हौसेसाठी केलेला. शिसे भरले, पिळ वाढवला, पंखा बदलला, यात मूळ वस्तूशी बेइमानी नाही. उलट तसे केल्याशिवाय मूळ वस्तू काय होती हे कळतच नाही. भाषांतर करणाऱ्याला हे सांगायला नको. शब्दाला शब्द ठेवला तर कविता जमिनीवरून उठत नाही. पण वस्तू अधिक गोड, अधिक पराक्रमी दिसावी म्हणून केलेला बदल हा निराळा. ऐतिहासिक कादंबरीकाराने संवाद रचावेत, पण हरलेली लढाई जिंकवू नये.

सगळेच बदल या दोन कप्प्यांत बसतात असे नाही. जर्मनीत नाझींच्या स्वस्तिकाच्या जाहीर प्रदर्शनावर कायद्याचे निर्बंध आहेत, म्हणून तिथे कित्येक प्रतिकृतींच्या शेपटीवर ती जागा कोरी असते. (आपण उंबऱ्यावर काढतो त्या चिन्हाचे हे असे झाले!) तो बदल हवेसाठी नाही आणि हौसेसाठीही नाही. मला विचाराल तर ती कोरी जागा बरेच काही सांगते. आपल्या नॅट विमानाची गोष्ट आणखी वेगळी. ब्रिटनमध्ये नॅट म्हटले की १९६५ ते १९७९ या काळात कसरती करणारी लाल विमाने आठवतात, आणि तिथे त्याची प्रतिकृती बहुधा लाल असते. त्यात खोटे काही नाही. पण १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर हल्ला चालू असताना निर्मलजित सिंग सेखों ज्या विमानातून वर गेले आणि परत आले नाहीत, तेही नॅटच. विमान तेच, पण रंगाच्या डब्यावर ठरते की कोण आठवायचे.

युद्ध निराळे आणि खेळ निराळा असे म्हणून सुटकाही नाही. रेजिनाल्ड डेनी हा इंग्लंडात जन्मलेला नट पहिल्या महायुद्धात हवाई दलात होता. हॉलीवूडला त्याने १९३४ मध्ये मॉडेल विमानांचे दुकान काढले. त्याच छंदातून त्याच्या कंपनीने तोफखान्याच्या सरावासाठी रेडिओवरची लक्ष्यविमाने बनवली, ती दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ पंधरा हजारांपर्यंत गेली. पुढे मर्लिन मन्रो म्हणून गाजलेली मुलगी त्याच कारखान्यात कामाला होती. २०२२ पासून युक्रेनच्या रणांगणावर जी छोटी ड्रोन माणसांचा पाठलाग करीत आहेत तीही शर्यतीच्या हौसेतूनच तिथे पोचली. म्हणून "आम्ही फक्त खेळतो" हे म्हणणे मला अपुरे वाटते, आणि "हे सारे बंद करा" हेही. एन.सी.सी.च्या हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती आजही करून घेतात. तिथे हात शिकतात, ते चांगलेच आहे. त्या विमानाचा वैमानिक कोण, त्याचे वय काय, ते कोणावर गेले, हेही त्याच टेबलावर शिकवायला काय हरकत आहे? इतिहास विभागाला त्यासाठी वेगळे अनुदान लागणार नाही.

काकांचे पुढचे विमान मारुत आहे. हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बंगलोरला बांधलेले जेट. १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडाले. त्याचा आराखडा कुर्ट टांक यांचा, म्हणजे ज्या जर्मन अभियंत्याने स्पिटफायरशी झुंजणारे फॉके-वुल्फ १९० केले त्यांचाच. रूप देखणे, पण ज्या ताकदीचे इंजिन गृहीत धरून आखले ते कधी मिळालेच नाही, आणि मारुत जन्मभर आपल्या योग्यतेपेक्षा हळू उडाले. १९७१ मध्ये लोंगेवालाच्या लढाईच्या वेळी राजस्थान आघाडीवर ते होते.

काका म्हणतात, "अरे, मॉडेलात त्याला पाहिजे तेवढी ताकद देता येते. एकदा तरी बघू दे की लोकांना, ते कसं उडायला हवं होतं!" मी म्हणतो, "काका, ते उडालं तसंच उडवा." ते हसतात आणि म्हणतात, "तुझं ते हवेसाठी आणि हौसेसाठी मला पाठ झालंय." इंजिन अजून मागवलेले नाही. पंखांच्या फासळ्या कापून झाल्या आहेत, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यांना पॉलिशपेपर मारायचे काम माझ्याकडे आहे.