मधल्या सुट्टीची फी

दिवाळी आटोपली की पुण्या-मुंबईतल्या दहावी-अकरावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक माहितीपत्रक फिरू लागतं. हिरवळ, दगडी कमानी, घड्याळाचा मनोरा आणि पायऱ्यांवर हसत बसलेली देशोदेशीची मुलं. जगप्रसिद्ध विद्यापीठाच्या आवारात दोन आठवड्यांचं समर स्कूल, शेवटी प्रमाणपत्र. फी लाखांत, विमान आणि व्हिसाचा खर्च वेगळा. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ‘पाठवू का?’ हा प्रश्न मग हमखास असतो. हो किंवा नाही म्हणण्याआधी हे प्रकरण मुळात कसं सुरू झालं ते बघायला हवं.

दुसऱ्या महायुद्धामुळे फ्रान्सचं भौतिकशास्त्र पार मागे पडलं होतं. तिशीही न गाठलेल्या सेसिल मोरेट या संशोधिकेला ब्राइस डिविट या अमेरिकन शास्त्रज्ञाने मागणी घातली, तेव्हा तिला एकच टोचणी लागली: लग्न करून आपण अमेरिकेत जाणार, मग देशाचं काय? देशाला काहीतरी देऊनच जायचं, असं तिने ठरवलं. त्यातून १९५१ साली आल्प्सच्या कुशीत, माँ ब्लाँच्या समोरच्या उतारावर लेझूश गावी उन्हाळी शाळा सुरू झाली. इमारती म्हणजे डोंगरातली साधी लाकडी घरं, सोयी यथातथाच. दोन महिने शिक्षक आणि विद्यार्थी तिथेच राहायचे, जेवायचे आणि डोंगर चढायचे. सुरुवातीच्या वर्षांत तिथे विद्यार्थी म्हणून आलेल्या प्येर-जील द जेन आणि क्लोद कोएन-तानूजी यांना पुढे नोबेल मिळालं. परीक्षा नव्हती, आणि प्रमाणपत्रासाठी तर कोणी डोंगर चढून आलं नव्हतं.

आपल्या अधिक जवळचं उदाहरण जयंत नारळीकरांचं आहे. १९६१ साली ते केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन करत होते. रॉयल ग्रीनिच वेधशाळा तेव्हा ससेक्समधल्या हर्स्टमॉन्सोच्या किल्ल्यात होती. तिथे विद्यार्थ्यांपुढे व्याख्यानं द्यायला नारळीकर गेले. श्रोत्यांत ऑक्सफर्डचा एक पोरगा प्रश्नांमागून प्रश्न विचारत होता. तो स्टीफन हॉकिंग. व्याख्यान देणारा तेविशीचा, ऐकणारा एकोणीस वर्षांचा. नारळीकरांनी ही आठवण सांगितली आहे, आणि त्यात प्रश्नांइतकंच टेबल टेनिसलाही स्थान आहे, कारण दोघं तिथे एकमेकांशी खेळलेही. हॉकिंगच्या आजाराचं निदान अजून व्हायचं होतं. आपला गुरू ज्या सिद्धांताचा झेंडा घेऊन उभा आहे त्यावर शंका काढणाऱ्या मुलाशी तास संपल्यावर रॅकेट घेऊन खेळता येतं, हे बाळकडू कोणत्या अभ्यासक्रमात मिळतं?

हॉकिंगची गोष्ट पुढे पुन्हा लेझूशला पोचते. १९७२ च्या उन्हाळ्यात तिथे कृष्णविवरांवर सत्र होतं. तोवर हॉकिंग व्हीलचेअरमध्ये होते. अमेरिकेचे जेम्स बार्डीन आणि केंब्रिजचेच ब्रँडन कार्टर हेही आले होते. व्याख्यानांच्या मधल्या वेळात या तिघांनी मिळून कृष्णविवरांच्या यामिकीचे चार नियम मांडले. तो निबंध १९७३ साली छापून आला आणि आज कृष्णविवरांचं कोणतंही पाठ्यपुस्तक त्याला वगळून पुढे जात नाही. वेळापत्रकात त्या कामासाठी तासिका अर्थातच नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं की उन्हाळी शाळेत खरं मोल मधल्या सुट्टीला असतं. व्याख्यानं आता घरबसल्या मिळतात. जगातल्या उत्तमोत्तम प्राध्यापकांचे तास यूट्यूबवर फुकट आहेत. फुकट मिळत नाही तो आपल्याच वयाचा आणि आपल्याच वेडाने पछाडलेला दुसरा माणूस. लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या महाविद्यालयात एकटीच टोपॉलॉजी वाचत बसणारी मुलगी हुशार असते, पण तिला अडलेलं बोलायला कोणी नसतं. वर्गातल्यांना ती शिष्ट वाटते आणि घरच्यांना तिची काळजी. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी हे एकटेपण लाहोरला भोगलं होतं आणि त्यापायीच त्यांना देश सोडावा लागला. त्यातूनच १९६४ साली त्यांनी इटलीत त्रिएस्तेला सैद्धांतिक भौतिकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभं केलं. गरीब देशांतल्या संशोधकांनी काही आठवडे तिथे यावं, बरोबरीच्या लोकांत राहावं आणि परत आपल्या देशात जाऊन काम करावं, ही त्यामागची कल्पना. तिथल्या बहुतेक उन्हाळी शाळांना फी नसते, आणि आपल्यासारख्या देशांतून येणाऱ्या अनेकांना प्रवासखर्चही मिळतो.

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम १९६२ पासून चालू आहे. पदवीच्या शेवटच्या टप्प्यातली आणि पदव्युत्तर मुलं तिथे दोन-तीन महिने राहतात. काही आठवडे सकाळी व्याख्यानं, उरलेला वेळ खऱ्या प्रयोगावरचं काम. तिथल्या मुख्य उपाहारगृहाच्या गच्चीवर जेवताना आपल्या टेबलाला कोण येऊन बसेल याचा नेम नसतो. जाऊन आलेली एक मुलगी सांगत होती, ज्यांचं पुस्तक तिने पदवीला वाचलं होतं ते प्राध्यापक ताट घेऊन शेजारी आले, तशी ही सवयीने ताडकन उभी राहिली. गृहस्थ गोंधळले, त्यांना वाटलं, हिचं जेवण झालं. सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची ही तिथली रीत, पण ‘सर’ तोंडातून जायला आपल्या मुलांना महिना लागतो. तो गेल्यावरच प्रश्न विचारायला तोंड उघडतं, हेही तीच म्हणाली.

२०१२ च्या ३ जुलैची रात्र त्या वर्षीची मुलं जन्मात विसरणार नाहीत. हिग्ज बोसॉनबद्दलची घोषणा दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायची होती आणि सभागृहातल्या जागा मोजक्या. संध्याकाळपासूनच दाराबाहेर रांग लागली, आणि कितीतरी जण रात्रभर जमिनीवर तिथेच पडून राहिले. त्यांत उन्हाळी विद्यार्थीही होते. आपल्याकडे पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला अशी रांग लागायची. इथे ती एका कणासाठी होती, एवढाच फरक.

सगळं गोड असतं असं मात्र नाही. पहिला आठवडा बहुतेक भारतीय मुलं एकाच टेबलाला चिकटून बसतात. जिनिव्हाची महागाई अशी की शनिवार आला की युरोपातली मुलं गटागटाने बाहेर पडतात आणि आपली मुलं फ्रँकचे रुपये करत खोलीवर भात शिजवतात. जन्मभराच्या वाटलेल्या कितीतरी मैत्र्या सप्टेंबरात विरतात. टिकतात त्या बहुधा सहलीतल्या नसतात. रात्री एकाच न चालणाऱ्या प्रोग्रॅमशी दोघांनी मिळून झटापट केलेली असते, त्या टिकतात. पुढे पीएचडीला कुठे अर्ज करावा, कोणता मार्गदर्शक विद्यार्थ्यांना पिळून काढतो, ही माहिती याच वाटेने मिळते.

आता त्या माहितीपत्रकाकडे वळू. असे अनेक कार्यक्रम खासगी कंपन्या चालवतात. सुट्टीत रिकामी पडलेली विद्यापीठाची वसतिगृहं आणि वर्ग त्या भाड्याने घेतात. शिकवणारे त्या विद्यापीठाचे असतीलच असं नाही. फी भरेल त्याला प्रवेश, म्हणजे तुमच्या मुलाच्या शेजारी बसणारा मुलगाही फी भरता येते म्हणूनच आलेला. पुष्कळदा तर तो त्याच एजन्सीतून आलेला, त्याच उपनगरातला असतो. दिवस सकाळी ८ ते रात्री ९ आखलेला: तास, स्थळदर्शन, खरेदी. मधली सुट्टी अशी उरतच नाही. सहल म्हणून पाठवत असाल तर खुशाल पाठवा. पण कर्ज काढून, पुढच्या प्रवेशाची शिडी समजून पाठवू नका. निवड कशी होते, शिक्षकांना पगार कोण देतं, आणि दुपारी ४ नंतर मुलं काय करतात, एवढं एजंटला विचारा. तो अडखळला तर पैसे वाचले म्हणून समजा.

ज्यांना खरोखर झपाटलं जायचं आहे, त्यांच्यासाठी परदेशही अट नाही. तेव्हा मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असलेल्या एस. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेला एमटीटीएस हा गणिताचा निवासी उन्हाळी कार्यक्रम आजही चालतो, आणि प्रश्न विचारून विचारून मुलांना बोलतं करणं हीच त्याची पद्धत आहे. सर्नचे अर्ज साधारण हिवाळ्यात सुरू होऊन जानेवारीअखेर बंद होतात. त्रिएस्तेच्या शाळांची यादी संकेतस्थळावर वर्षभर असते. तेव्हा मुलांनो, पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा, आणि शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना मुदतीच्या आदल्या रात्री गाठू नका.