वॉकी-टॉकी जरूर घ्या, पण आधी फ्रिक्वेन्सी विचारा



हिंजवडीत सोसायट्यांच्या गेटवर, आयटी कंपन्यांच्या पार्किंगमध्ये, बांधकामांवर, मंगल कार्यालयांत सगळीकडे आता वॉकी-टॉकी दिसतो. त्याला माझा मुळीच विरोध नाही. जमिनीखाली दोन-तीन मजले गेलेल्या पार्किंगमध्ये मोबाइलची रेंज जाते. तिथे लिफ्ट अडकली, पाणी शिरले किंवा कुणी चक्कर येऊन पडले, तर रखवालदाराला बटण दाबून बोलता येणारा सेटच उपयोगी पडतो. माझा आक्षेप आहे तो हे सेट डोळे झाकून विकत घेण्याला.

आपल्याकडे वायरलेस सेट वापरायलाच नव्हे, तर नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हे तत्त्व चालत आले आहे. सामान्य माणसाची यातून सोय व्हावी म्हणून केंद्र सरकारने २०१८ च्या नियमांत ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा कमी शक्तीच्या सेटसाठी खुला केला. फक्त याच पट्ट्यात चालणाऱ्या सेटला परवाना लागत नाही. मात्र त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाची मान्यता, असावी लागते. नियम एवढा सोपा असूनही तो ना सोसायटीच्या कमिटीला माहीत असतो, ना सिक्युरिटी एजन्सीला.

आमच्या रखवालदारांसाठी स्थानिक विक्रेत्याकडून आलेले सेट मी हातात घेऊन पाहिले. छोटा पडदा, खाली आकड्यांची बटणे. हवा तो आकडा दाबला की सेट त्या फ्रिक्वेन्सीवर जातो. ४४६ च्या खुल्या पट्ट्याबाहेर, थेट पोलीस आणि इतर अत्यावश्यक सेवांची फ्रिक्वेन्सी ज्या भागात असते तिथपर्यंत. असा सेट विनापरवाना ठेवता येत नाही, हे विक्रेत्याने सांगितले नाही आणि बिलावर फ्रिक्वेन्सीचा उल्लेखही नव्हता. एका संध्याकाळी याच सेटवर शेजारच्या बांधकामावरच्या क्रेनवाल्याला दिल्या जाणाऱ्या सूचना ऐकू आल्या. म्हणजे आमच्या गेटवरची बडबडही त्याच्या कानात जात असणार. वर टांगलेला माल खाली घेताना त्या माणसाने चुकीचा शब्द ऐकला तर काय होईल, याचा विचार प्रत्येक सोसायटीने करावा.

ऑनलाइन विक्रीपुरता बडगा उगारला गेला आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या. आवश्यक माहिती न देता वॉकी-टॉकी विक्रीला ठेवल्याच्या १६,९७० नोंदी तेव्हा आढळल्या होत्या. त्याच महिन्यात आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी फ्रिक्वेन्सी, ईटीए आणि परवान्याची गरज ही माहिती ग्राहकाला देणे विक्रेत्यावर बंधनकारक केले. हे योग्यच झाले. पण सोसायट्यांचे सेट बहुतेक वेळा एजन्सीमार्फत किंवा दुकानातून येतात, आणि तिथे ही माहिती द्यायला कुणी बसलेले नाही.

‘४४६ चा सेट लांब पोचत नाही’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. काँक्रीटमध्ये त्याची ताकद कमी पडते हे खरे आहे. पण गेट, लॉबी आणि पार्किंग एवढ्यासाठी मैलभर पल्ला हवाच कशाला? तळमजल्यावरच्या माणसाने निरोप पुढे द्यावा, काम भागते. ज्यांचा परिसर खरोखर मोठा आहे त्यांनी ‘सरल संचार’ पोर्टलवर रीतसर परवान्याचा अर्ज करावा. आयटी पार्कमधल्या कंपन्यांना ते जड नाही. एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच ध्यानात घ्यावी. खुला पट्टा सामाईक असतो आणि सेटवरचा ‘प्रायव्हसी कोड’ बोलणे गुप्त ठेवत नाही, तो फक्त इतरांचा आवाज आपल्यापुरता बंद करतो. तेव्हा कोणता फ्लॅट आठवडाभर बंद आहे, हे वॉकी-टॉकीवर बोलू नये.

‘मग हॅमचा परवाना काढू’ असेही सुचवले जाते. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना बारा वर्षांवरील कुणालाही परीक्षा देऊन मिळतो, आणि तरुणांनी तो जरूर घ्यावा. २००४ च्या त्सुनामीत अंदमानात दूरध्वनी बंद पडले, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांच्या हॅम सहकाऱ्यांनी बाहेरच्या जगाशी संपर्क जोडून दिला. ताम्हिणीच्या रानात फिरणाऱ्यांनीही हे शिकून घ्यावे. पण तो परवाना त्या व्यक्तीचा असतो आणि धंद्यासाठी किंवा पहाऱ्यासाठी वापरता येत नाही.

लोकांना नियम न सांगता उद्या अचानक जप्ती आणि दंड सुरू करणे अन्यायाचे होईल. दूरसंचार विभागाने मराठीत एक पानाचे पत्रक काढावे, आणि एमआयडीसी, ग्रामपंचायत व पोलीस ठाण्याने ते प्रत्येक सोसायटीपर्यंत पोचवावे. कमिट्यांनीही त्या पत्रकाची वाट पाहू नये. आपल्या सेटची फ्रिक्वेन्सी आणि ईटीए प्रमाणपत्राची प्रत विक्रेत्याकडून लेखी मागावी. तो देऊ शकला नाही, तर सेट बंद करून परत करावेत.

– एक रहिवासी, हिंजवडी (ता. मुळशी, जि. पुणे)